पटाचे घुंगरू आणि चार लांब रस्ते

मी एक जुने पितळी घुंगरू आहे. एका बाजूने चेपलेले, मधोमध चीर गेलेले, लिंबाएवढे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकण्याआधी एक सांगून ठेवते. माझ्या बोलण्यातले निम्मे वाऱ्यावर सोडा आणि निम्मे गाठीला बांधा. कोणते निम्मे कोणते, ते तुमचे तुम्ही ओळखा.

माझा जन्म उमरखेडच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. त्याने मातीच्या साच्यात पितळ ओतले, पोटात लोखंडाची गोळी घातली आणि मला पहिल्यांदा हलवून पाहिले. तेव्हा समोरच्या हॉटेलातला चहा उतू गेला आणि स्टँडवरून सुटलेली एसटी पुन्हा मागे आली, असे म्हणतात. म्हणणारी मीच आहे, पण त्याने काय फरक पडतो?

महागाव तालुक्यातल्या भगवानरावांनी मला विकत घेतले. त्यांच्या पाखऱ्या बैलाच्या घुंगरमाळेत मला मधली जागा मिळाली. पाखऱ्या साधा बैल नव्हता, शंकरपटाचा बैल होता. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. जोडी सुटते, धूळ उडते आणि तुमची पापणी लवायच्या आत निकाल लागतो. पाखऱ्या तर इतका वेगात धावायचा की त्याची सावली दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचायची. लोक शेला उडवायचे आणि गावात पोळ्याला तोरणाखालून पहिली जायची ती आमचीच जोडी.

गोठ्यात माझ्या शेजारच्या खिळ्यावर एक लोखंडी घंटी असे. ती वखर ओढणाऱ्या बैलाची. तिचा आवाज नुसता 'ठक्'. दिवसभर ठक्, ठक्, ठक्. मी तिला 'बहिरी' म्हणून चिडवत असे. तरी तिचे ठक्, ठक् चालूच.

मग पट बंद झाले. कापसानेही पाठ फिरवली. भगवानरावांनी आधी वखराची जोडी विकली, मग पटाची. पाखऱ्याच्या गळ्यातली माळ काढायला त्यांचा हात धजेना, म्हणून माळ त्याच्यासोबतच गेली. फक्त मधले घुंगरू, म्हणजे मी, त्यांनी काढून घेतले. रिकाम्या गोठ्यात मी आणि ती बहिरी घंटी, दोघीच राहिलो. कोळ्याने माझ्या तोंडावर जाळे विणले. मित्रांनो, ज्याने गावे हलवली त्याच्या तोंडावर कोळी बसावा!

पुढचा पोळा आला. गावातल्या जोड्या झुली घालून, शिंगे रंगवून तोरणाखाली उभ्या राहिल्या. भगवानराव बैलांशिवाय आले, हातात फक्त मला घेऊन. त्यांचे जुने दोस्त भीमसिंग तांड्याहून आपली जोडी घेऊन आले होते. पटावर हे दोघे वर्षानुवर्षे एकमेकांच्या उरावर बसलेले. पोळ्याला झडत्या म्हणायची रीत आहे, कुणाची फिरकी घ्यायची ती यमकात. भीमसिंगांनी कानावर हात ठेवून झडती मारली,

"खुटा झाला रिकामा, दावं झालं सैल,
घुंगरू वाजवत भगवानराव स्वतःच झाला बैल!
हर बोला हर हर महादेव!"

सगळे गाव हसले. भगवानरावही हसले, पण त्यांची मूठ माझ्याभोवती इतकी आवळली की माझा श्वास कोंडला. तेवढ्यात त्यांची मुलगी दिपाली पुढे आली. पोलीस भरतीसाठी दोन वर्षे पळाली आणि उंचीत बोटभर कमी पडली, ती हीच. पळणे अंगात मुरले होते, पण पळून जायचे कुठे ते कळत नव्हते.

"भीमसिंगकाका, बैल गेले म्हणून काय झालं? मी हावो ना."

"तू? तू काय पटात पळतं?"

"पटात नाही. माणसायच्या लांब शर्यती असतात. पन्नास किलोमीटर, शंभर किलोमीटर. पुढच्या पोळ्यापर्यंत तशा चार पुऱ्या करीन. केल्या तर तोरणाखालून पहिलं आमचं घुंगरू जाईल."

"अन् नाही झाल्या तं?"

दिपालीने बापाकडे पाहिले नाही. "तं हे घुंगरू तुमच्या बैलाच्या गळ्यात."

भीमसिंगांनी मिशीवर हात फिरवला. "ठरलं, पोरी. चारातली एक सुटली तरी घुंगरू माझं."

खरे सांगू? क्षणभर मला मोह झाला. भीमसिंगांचे बैल सरकी खाऊन नुसते चमकत होते. पण भगवानरावांच्या तळहाताला घाम आला होता, आणि तो घाम मला ओळखीचा होता.

दिपालीचा सराव सुरू झाला. पहाटेच्या वाटेवर रानडुकरे असत, म्हणून भगवानरावांनी मला चामड्याच्या पट्ट्याने तिच्या कमरेला बांधले. मी वाजले की डुकरे बाजूला होत. एक तर मला पाहून सरळ तेलंगणात पळाले. अजून परतले नाही.

पहिली शर्यत नागपूरकडच्या एका तलावाभोवती, पन्नास किलोमीटरची. भगवानराव सोबत आले. त्यांना शर्यत म्हणजे पटच ठाऊक. सगळे धावपटू गप्पा मारत रमतगमत निघाले आणि भगवानरावांनी पटावर आरोळी मारतात तशी मारली, "हुर्रर्रर्र! सोड!"

दिपाली सुटली. अशी सुटली की मी आनंदाने किंचाळले. सगळे मागे! शाब्बास, हाच खरा पट! मी डोळे मिटून निकालाची वाट पाहू लागले. पण निकाल लागेना. तलावाचा एक फेरा संपला, दुसरा सुरू झाला. ऊन चढले. दिपालीच्या पोटऱ्यांत गोळे आले. मागचे सगळे एकेक करून पुढे गेले. शहरातला एक पोरगा म्हणाला, "ताई, बैलगाडी बिघडली का?" ती थांबली नाही. लंगडत, भिंतीला धरल्यासारखी हवेला धरत, ती शेवटून दुसरी आली.

घरी तिची आई कोकिळाबाई गरम पाण्याची बादली घेऊन वाट पाहत होत्या. त्यांनी लेकीचे पाय पाहिले आणि नवऱ्याकडे वळल्या.

"मोठे पटवाले! वखराचा बैल असा पळवता का तुम्ही?"

"आता ह्यात वखर कुठून आला?"

"मंग काय आला? सकाळी जुपला का दिवस बुडेपर्यंत चालायचं. उड्या मारल्या तं दुपारीच बसन ना तो. पोरीले पटावर नेलं काहून? वखरावर न्या."

भगवानरावांनी बादली पुढे ओढली आणि लेकीचे पाय पाण्यात ठेवले. मला तर कोकिळाबाईंचा राग आला. वखर! ते ठक् ठक् करणाऱ्यांचे काम!

त्याच हिवाळ्यात बोंडअळी आली. कपाशीच्या हिरव्यागार झाडांच्या बोंडांत नुसती अळी. गावाने उभी पऱ्हाटी उपटून बांधावर टाकली. भगवानराव म्हणाले, "दिपाली, राहू दे आता. घरात हे असं, अन् तू पळून राह्यली, तं लोक काय म्हणतील?"

"अळी बोंडात हाये बाबा, माह्या पायात नाही."

 दुसऱ्या दिवशी भगवानरावांनी शेजाऱ्याची बैलजोडी मागून आणली आणि मोकळ्या वावरात वखर धरला. दिपाली धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, पळू लागली, बैलांच्या चालीने. बैल वळले की ती वळायची. ते थांबले की दोन घोट पाणी, मूठभर फुटाणे, की पुन्हा. मी रोज शरमेने काळी पडे. पण महिनाभराने एक गंमत झाली. संध्याकाळी बैल दमले, भगवानराव दमले, आणि दिपाली अजून पळतच होती.

दुसरी शर्यत जानेवारीत, अमरावतीच्या एका मैदानावर. बारा तास गोल गोल फिरायचे. मी म्हटले, घाण्याला जुंपले की काय! इतके फेरे झाले की सूर्य आमच्याकडे पाहून चक्कर येऊन पडला. लोक त्याला सूर्यास्त म्हणाले. दिपाली मात्र वखराच्या चालीनेच फिरत राहिली आणि भोंगा वाजला तेव्हा तिच्यापुढे मोजकेच लोक होते. तिसरी एप्रिलमध्ये, अकोल्याकडच्या उन्हात. डांबर बुटांना चिकटून रस्ताच उचलला जात होता. तो परत खाली बसवत बसवत आम्ही पुढे गेलो. ओला दुपट्टा डोक्यावर, मान खाली, एक पाय, मग दुसरा. तीही पुरी झाली. घरी भीमसिंग मुद्दाम चहाला आले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "घुंगरू घासून ठेव भगवान, माह्या बैलाले चमकदार लागते." पण या वेळी त्यांच्या आवाजात ती धार नव्हती.

चौथी शर्यत पोळ्याच्या आधी, मेळघाटातल्या घाटरस्त्यावर. शंभर किलोमीटर, वरून पाऊस. वेळ ठरलेली; त्या वेळेत पोचला नाहीत तर शर्यत बाद. भगवानराव एका ट्रकवाल्याला विनवून शेवटच्या चढावर जाऊन उभे राहिले. बाहेरच्या माणसाने धावणाऱ्याला हात लावायचा नाही, असा नियम होता.

दिपाली त्या चढावर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. हातात वेळ थोडाच होता, पण चाल तुटली नव्हती. वर्षभराच्या पावसाने, घामाने माझा चामड्याचा पट्टा कुजला होता. तो तिथेच तुटला. मी रस्त्यावर पडले आणि उतारावरून गडगडत खाली निघाले.

चार पावलांनी तिला शांतता ऐकू आली. ती थांबली. वळली. खाली यायला लागली.

"मागं येऊ नको!" भगवानराव रस्त्याच्या कडेवरून ओरडले.

"बाबा, घुंगरू पडलं!"

"पडू दे."

"पण त्याच्याचसाठी तं पळून राह्यली ना मी!"

भगवानरावांनी माझ्याकडे पाहिले. मी नालीच्या काठावर अडकले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली, मित्रांनो. ज्या माणसाने पाखऱ्याला विकले पण मला विकले नाही, त्याने.

"जुपलेला बैल पडलेल्या घुंगरासाठी थांबत नाही, माय. पाय उचल. चाल."

ती एक क्षण उभी राहिली. मग वळली आणि चढू लागली. मी तिची पावले ऐकली. ठक्, ठक्, ठक्. तो आवाज मला ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना.

भगवानराव मला उचलायला वळले, पण त्याआधीच एक जीप वळणावरून आली आणि तिचे चाक माझ्यावरून गेले.

त्या शर्यतीचा शेवट मी पाहिला नाही. मला हवा तसा रंगवून सांगता येईल, पण तेवढा एक शेवट मी रंगवणार नाही. एवढेच ठाऊक आहे की वेळ संपायला थोडा अवकाश असताना दिपालीने रेषा ओलांडली, आणि मागून बाप आला तेव्हा तिने पदक दाखवण्याआधी हात पुढे केला. भगवानरावांनी खिशातून मला काढून तिच्या हातावर ठेवले. तिने मला हलवले.

"ठक्," मी म्हणाले.

दोघे एकमेकांकडे पाहून आधी हसले. मग रडले.

पोळ्याच्या दिवशी सगळ्या जोड्या तोरणाखाली उभ्या होत्या. भीमसिंगांनी आपल्या बैलांचे कासरे ओढून त्यांना स्वतः बाजूला घेतले. दिपाली पुढे, अजून जरा लंगडत, बाजूला कोकिळाबाई, मागे भगवानराव, शेला खांद्यावर, मान ताठ. मी दिपालीच्या तळहातावर. वाद्ये थांबली. गाव वाट पाहत होते. भीमसिंगांनी कानावर हात ठेवला,

"बैल गेले बाजाराले, खुटे नाही हालले,
एका साली चार रस्ते पोरीनं गुंडाळले!
हर बोला हर हर महादेव!"

तोरणाखालून पहिली आम्ही गेलो.

घरी आल्यावर कोकिळाबाई मला पदकांसोबत काचेच्या कपाटात ठेवणार होत्या. दिपाली म्हणाली, "त्याले त्याच्या खिळ्यावरच राहू दे आई, सकाळी लागते मले." म्हणून आज मी पुन्हा गोठ्यात आहे, त्या लोखंडी घंटीशेजारी. वारा आला की ती म्हणते ठक्, मीही म्हणते ठक्. तिला आता मी बहिरी म्हणत नाही. एवढी वर्षे दिवसभर चालत राहायचे कसे, हे तिला ठाऊक होते आणि मी विचारलेच नाही.

मित्रांनो, पोळ्याच्या आदल्या दिवशी चिंच लावून मला घासत जा. पण मला घासाल तेव्हा तिच्यावरचा गंजही पुसा. तिला आधी पुसा. मी थांबेन. थांबायला मी आता शिकले आहे.