काजळीतला दहा मार्च

"वेडी आहेस का तू, यांगे? इथं दुसऱ्या धर्माची प्रार्थना उघड्यावर चालत नाही. मागच्या अंगणात हात जोडून उभी राहिलीस आणि कुणी पाहिलं, तर इकामा रद्द, इथं राहायचा परवानाच गेला. खलास. मग बस भंडाऱ्याला धान लावत," सोबतची नर्स विभावरी म्हणाली.

यांगचेन कमरेशी चुपाची गाठ आवळत होती. चुपा म्हणजे तिच्या लोकांचा पायघोळ झगा. त्यावर तिनं काळा अबाया चढवला. आता आत काय आहे, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

"उभं रायनं गुन्हा हाये का व? एक मिनिटाचं तं काम हाये," ती म्हणाली.

यांगचेन म्हणजे एक गंमतच होती. सौदी अरेबियातल्या कतीफच्या त्या इस्पितळात जो तो तिला फिलिपिनो समजायचा, आणि तिनं तोंड उघडलं की अस्सल झाडीपट्टीची मराठी बाहेर पडायची. भंडाऱ्याकडे तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, तिथं धानाच्या बांध्यांच्या कडेला ही जन्मली, नागपुरात नर्स झाली. वडील ल्हासाचे. एकोणसाठ साली दहा मार्चला तिथली माणसं चिन्यांविरुद्ध रस्त्यावर उतरली, पुष्कळ मेली, उरली ती हिमालय ओलांडून आली. म्हणून दर दहा मार्चला वसाहतीत दुकानं बंद, झेंडा, गेलेल्यांसाठी एक मिनिट स्तब्ध उभं राहायचं आणि मग तहसील कचेरीपर्यंत मोर्चा. ताप आलाय म्हणून कुणी अंथरुणात राहिलं, तर बाबा म्हणायचे, "ताप घेऊन ये. घरातलं एक तरी माणूस उभं राहिलंच पाहिजे."

गेल्या दिवाळीत बाबा गेले. घरातलं एकच माणूस उरलं, आणि तेही इथं वाळवंटात. आज ती उभी राहिली नाही, तर त्या घराचा दहा मार्च संपलाच म्हणायचा. या विचारानं तिच्या जिवाला घोर लागला होता.

बाहेर सकाळ कसली, तिन्हीसांज झाली होती. एक्क्याण्णवचं आखाती युद्ध थांबलं होतं, पण कुवेतमधल्या पेटलेल्या तेलविहिरींचा धूर वारा इकडे लोटत होता. भर दिवसा दिवे जळत होते. खजुरांची झाडं अर्धीच दिसायची, वरचं अर्धं कुणी पुसून टाकल्यासारखं. अंगणात पाऊल टाकलं आणि यांगचेनला वाटलं, आपण जागे आहोत की नाही कोण जाणे. बाबांचं खाकरणं अगदी जवळून ऐकू आलं, तरी तिला नवल वाटलं नाही.

सूर्याचा पत्ता नव्हता, मग पूर्व शोधायची कशी? तिनं वॉर्डातच युक्ती करून ठेवली होती. भिंतीवर मक्केकडे दाखवणारा बाण होता. त्याच्याकडे सरळ पाठ केली की समोर तिबेट. तशी ती वळली, हात जोडले, डोळे मिटले.

तेवढ्यात तिच्या खांद्यांवर दोन हात पडले.

ती उम्म नासिर होती. ऑगस्टमध्ये इराकी फौज घुसली तेव्हा कुवेतहून पळून आलेली म्हातारी. पाय मोडून यांगचेनच्या वॉर्डात पडली होती आणि सारखी घरासाठी रडायची. आज ती घरी निघाली होती, गाडीत बसण्याआधी यांगचेनला शोधत काठी टेकत आली होती. तिनं पाहिलं, पोरगी हात जोडून उभी आहे आणि चक्क उलट्या दिशेला. धुरात बिचारी दिशा चुकली, असं समजून तिनं मायेनं यांगचेनला गर्रकन मक्केकडे फिरवलं.

"इकडे, बेटी," ती म्हणाली.

यांगचेननं डोळे उघडले. ती मोडक्या अरबीत म्हणाली, "नाही, आजी. माझं घर तिकडे आहे."

"तूही घर सोडून आलीस? किती महिने झाले?"

"बत्तीस वर्षं. बाबांनी सोडलं. मी पाहिलेलंच नाही."

सात महिने रडून म्हातारीचे डोळे सुजले होते. न पाहिलेल्या घराची आठवण कशी येत असेल, हे तिला उमगेना. इतक्यात फाटकाशी तिच्या भाच्यानं हॉर्न वाजवला. "यल्ला, आत्या, चल लवकर," तो ओरडला. गाडीच्या टपावर गाद्या बांधल्या होत्या, आत लेकरं कुवेत कुवेत करत नाचत होती.

उम्म नासिरनं काठी बगलेत धरली. यांगचेनच्या खांद्यांवर पुन्हा हात ठेवले आणि तिला हळूच, होती तशी, पूर्वेकडे फिरवलं. लेकीचा नीट करावा तसा तिचा डोक्यावरचा रुमाल नीट केला. मग लंगडत गाडीकडे गेली, खिडकीतून हात घालून भाच्याचा हात हॉर्नवरून उचलला आणि लेकरांना काहीतरी म्हणाली. लेकरं गप्प झाली.

यांगचेननं मिनिट पहिल्यापासून सुरू केलं. चेहऱ्यावर काजळी उतरत होती, ती तिनं पुसली नाही. तिचे जोडलेले हात सुटेपर्यंत घरी निघालेली ती गाडी जागची हलली नाही.