आकाशपाळण्यावरून दिसलेली बाबागाडी

...निळ्या कागदाचा तो पट्टा दोन वेढे घेऊनही बाळाच्या मनगटावर सैलच राहिला होता. करमणूक-बागेच्या फाटकावरच्या मुलीने तो हसत हसत चिकटवला (वर्षाखालच्यांना तिकीट नाही, पण पट्टा हवाच) आणि दिम्फोची नजर तिथेच अडकून बसली. इस्पितळातही असाच एक होता – पांढरा, प्लास्टिकचा, पायाच्या घोट्याला. त्यावर त्याचं नाव नव्हतं. नुसतं 'दिम्फोचं बाळ'. एक किलो सहाशे ग्रॅम. काचेच्या पेटीत आठ आठवडे... पेटीला दोन गोल भोकं, त्यातून आत घातलेला आपला हात, आणि त्या हाताने करायचं काय, तर नाकाखाली बोट धरायचं. आला श्वास? आला. पुन्हा बघ. आला.

"वहिनी, पट्टा पाठ करतेयस का? चल की!" पुलेंग, तिची नणंद, केव्हाच दहा पावलं पुढे गेली होती.

खोत्सो आता सात महिन्यांचा होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आता तो इतर मुलांसारखाच. पण 'सारखाच' म्हणजे काय, हे त्या बाईंना फाइलमधून कळत असेल. दिम्फोला ते बोटाने कळून घ्यावं लागायचं, रात्रीतून चारदा, आणि आज चार तासांच्या गाडीप्रवासात दर पेट्रोलपंपावर. डिसेंबरची सुट्टी, फ्री स्टेट प्रांतातलं त्यांचं अर्धं गाव जोहान्सबर्गला निघालेलं – आणि सासूबाईंनी ठरवलं होतं की नातवाची पहिली सहल इथेच व्हायची. नाही कसं म्हणायचं?

झाडाखाली चादर पसरली गेली. उकडलेली अंडी, तळलेली कोंबडी, घरचं आल्याचं पेय. सेचाबा, तिचा नवरा, खोक्यात घालायला बर्फ शोधायला गेला. खोत्सो नव्या बाबागाडीत झोपला होता; ही गाडी तिने स्वतः निवडली होती, तीन दुकानं फिरून, पट्टे ओढून, चाकं तपासून.

"माखोत्सो," सासूबाई म्हणाल्या, "जा, त्या पाळण्यात बसून ये. पोरगी मघापासून उड्या मारतेय."

माखोत्सो. खोत्सोची आई. लग्नाच्या दिवशीच, मेंढा कापून, चार माणसांदेखत त्यांनी तिला हे नाव दिलं होतं. खोत्सोचा तेव्हा पत्ताही नव्हता. रीतच तशी, नाव आधी आणि मूल मागून. पण वॉर्डाबाहेरच्या बाकावर सासूबाई त्या नावाने हाक मारायच्या तेव्हा तिच्या अंगावर काटा यायचा. पेटीतला जीव राहिला नाही, तर या नावाचं मी काय करायचं? परत द्यायचं? कुणाच्या हातात?

"आई, तो झोपलाय. उठवू नका. ऊन आलं तर गाडी सरकवा. आणि श्वास..."

"पाच जणांना मोठं केलंय मी," सासूबाई अंडं सोलत म्हणाल्या. "पाचही जण श्वास घेतात. एकटी पुलेंग जरा जास्तच घेते."

आकाशपाळणा हलला. जमीन सुटली तशी पोटात एक पोकळी... आणि मग, नवलच, ती पोकळी बरी वाटायला लागली. वारा. खाणीच्या मातीचे पिवळे डोंगर, त्यांच्यामागे शहर, उन्हात पत्र्यासारखं. पुलेंग कॉलेजातल्या कुठल्याशा मुलाबद्दल बोलत होती आणि दिम्फो खरोखर ऐकत होती – आपण ऐकतोय हे लक्षात आलं. किती वेळ? मी किती वेळ त्याच्याकडे पाहिलं नाही?

तिने खाली पाहिलं. झाड होतं. चादर होती. बाबागाडी एकटीच उभी होती.

गाडीवरचं फडकं बाजूला पडलेलं. जवळ कुणी नाही. टोपीवाला एक माणूस गाडीला वळसा घालून गेला – थांबला होता का तो? वाकला होता का? – आणि नेमका तेव्हाच पाळणा माथ्यावर येऊन थांबला. खाली माणसं चढत होती, निवांत, एकेक करून. ती गज धरून पुढे वाकली. पेटीला निदान दोन भोकं होती. इथून तर हातही घालता येत नव्हता.

"पुलेंग... गाडी... खोत्सो..."

पुलेंगने वाकून पाहिलं, आणि जी हसत सुटली!

"अगं वहिनी, त्यात कोंबडी आहे!"

"काय?"

"कोंबडी! बर्फाचं खोकं! आईने गाडीत सामान भरलं असणार, तुझी पाठ वळायचीच वाट बघत होती. आमच्या घरात एक मूल गाडीत टिकेल तर शपथ. ती बघ, ती तिकडे."

कुंपणापाशी खाणकामगारांसारखे गमबूट घालून पुरुष नाचत होते; बुटांवरच्या थापा इथवर ऐकू येत होत्या. त्या गर्दीत सासूबाई. डोक्यावरचा रुमाल हिरवा, कंबर ठेक्यावर डुलणारी, आणि पाठीवर टॉवेलात घट्ट बांधलेलं एक गाठोडं. वरती काळा ठिपका. डोकं. दरवाजा वाजला तरी दचकणारं, यंत्राच्या एका 'पीं' आवाजावर निळं पडणारं ते डोकं, त्या दणदणाटात गप्प टेकलेलं.

झोपलाय? जागा आहे? इथून कळत नव्हतं. श्वास दिसत नव्हता, दिसणं शक्यच नव्हतं, आणि तरीही तिच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरत गेलं, दंडातून, कोपरातून, जणू कुणी भरलेली घागर हळूच काढून घ्यावी. उठवू नका म्हणाले होते मी. त्यांनी उठवलं, बांधलं, नाचवलं. रागावायला हवं. राग शोधला तर सापडेना. सापडलं ते हसू, तेही वेडंवाकडं, डोळ्यांत पाणी आणणारं.

"खोत्सोची आई घाबरली की काय?" पुलेंगने चिमटा काढला. "तुझी एवढी मोठी डिग्री, आणि गाडीत कोंबडी आहे की भाचा, ते ओळखता येईना!"

"गप गं!"

पाळणा पुन्हा सुटला. खाली गेला, वर आला, पुन्हा खाली. पुलेंगच्या कॉलेजातला तो मुलगा म्हणे फोनवर नुसताच गप्प बसायचा, बिल चढत राहायचं. दिम्फोने त्यावर काहीतरी बोलून टाकलं आणि दोघी जोरात हसल्या. पिवळ्या डोंगरावर ढगाची सावली चढत होती, ती तिने शिखरापर्यंत पाहिली. मग लक्षात आलं की या अख्ख्या फेरीत आपण कुंपणाकडे एकदाही पाहिलेलं नाही.

अपराधी वाटेल आता, म्हणून ती थांबून राहिली. ते येत होतं, नाही असं नाही... पण लांबून, सावकाश, उन्हात वाटेवर टेकत टेकत येणाऱ्या पाहुण्यासारखं. येईल तेव्हा येईल. तोवर मांडीवर दोन हात रिकामे पडले होते, आणि ते आपलेच आहेत हे तिला आज कितीतरी महिन्यांनी जाणवत होतं.