खिशातला हात

यासेरचा संशय म्हणजे गोचीड. एकदा चिकटला की रक्त प्यायल्याशिवाय सुटायचा नाही.

विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यानं आणि बजरंगनं रिमोटवर उडणारं विमान बनवलं होतं. चेन्नईच्या स्पर्धेला कॉलेजातून एकच विमान जाणार होतं आणि निवडीसाठी उतरलेलं दुसरं विमान शिल्पाच्या गटाचं होतं. यासेरला काहीही करून चेन्नई गाठायची होती. मोबाइल तेव्हा पोरांच्या हाती नुकते आले होते. त्यांच्या लहरी रिमोटच्या कामात ढवळाढवळ करतात म्हणून उड्डाणाआधी सगळ्यांचे फोन बंद करून पोळ्यांच्या डब्यात टाकायचे, असा यासेरचा कायदा होता.

तरीही रोज सकाळी सरावात विमान मध्येच अंग झटकायचं. एकदा तर नाकावर आपटलं. यासेरनं तारा तपासल्या, सेल बदलले, मग माणसं तपासायला घेतली. विमान झटका खातं तेव्हा बजरंगचा हात खिशात असतो, हे त्यानं हेरलं.

"तुझा फोन कुठंय बे?"

"खोलीवर हाय," बजरंग म्हणाला, पण नजर चुकवून.

दोघं एकाच खोलीत राहायचे. खोलीवर फोन नव्हता. शिवाय बजरंग शिल्पासोबत कँटीनला चहा पिताना दिसला होता. दोघं लातूरच्या एकाच क्लासमधून आलेले. पाणी कुठं मुरतंय ते यासेरला कळलं. विचारलं तर गडी सावध होईल म्हणून तो गप्प बसला.

निवडीच्या दिवशी सकाळी बजरंग आंघोळीला गेला. यासेरनं त्याच्या उशीखालचा फोन उघडला, बॅटरी सैल केली आणि झाकण लावून ठेवला. बजरंगनं घाईत तो तसाच खिशात टाकला.

त्या दिवशी विमान हूं की चूं न करता उडालं. सरांनी तिथंच त्यांचं नाव जाहीर केलं. बजरंगनं आनंदानं मिठी मारली. यासेर मनात म्हणाला, चेन्नईला साथीदार दुसराच नेणार.

दुपारी मैदानाशी एक बाई रिक्षातून उतरली. पायात चप्पल नव्हती. ती बजरंगची आई, केवळाबाई, जळकोटाहून आलेली. तिनं त्याचं डोकं, खांदे, हात चाचपले. मग मटकन खाली बसली.

"सकाळधरनं दुकानातून फोन लावून राहिले. तू कट केला न्हाईस."

बजरंगनं यासेरला हलक्या आवाजात सांगितलं, "भूकंपात बाप अन् भैन गेली. आई ढिगाऱ्यातून त्यांना हाका मारत होती, कुणी ओ दिली न्हाई. आता रोज सकाळी रिंग देती, मी खिशातच कट करतो. कट झालं की पोरगं जित्तं हाय. तुला सांगितलं असतं तर फोन डब्यात गेला असता. शिल्पाला ठावं हाय, तिचं गाव शेजारचंच."

यासेरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

केवळाबाई त्याच्याकडं वळली. "तू ह्याच्या संगंच असतोस न बाबा? तुझा नंबर दे. ह्याचा बंद पडला तर तुला लावीन. तू कट कर, मला कळंल."

यासेरनं पेन काढलं. बजरंग तेवढ्यात फोन उघडून बघत होता. सैल बॅटरी त्यानं अंगठ्यानं दाबून बसवली. मग यासेरच्या तोंडाकडं बघितलं.

"त्याचा नको, आई," तो म्हणाला. "शिल्पाचा घेऊ."