आमण्याच्या पुढचा नाका

फोन वाजला तशी मनकर्णाबाईंनी हातातली मेथी सुपात टाकली, लुगड्याला हात पुसले आणि बाजेवरचा फोन उचलला.

"वाच लवकर. काय आलं?" रंगराव म्हणाले.

"थांबा ना, इंग्रजीत हाय." त्यांनी फोन आधी लांब धरला, मग नाकाशी आणला आणि शाळेत शिकलेली अक्षरं एकेक करून उचलली. "ए, एम, ए, एन, ई. आमने."

"आमणे." रंगरावांनी पाठ भिंतीला टेकली. "उतरली पोरगी समृद्धीवरून. मुंबईच्या तोंडाशी पोचली."

जीपच्या काचेवरचं फास्टॅगचं स्टिकर अजून रंगरावांच्याच नावावर होतं. त्यामुळे कुठल्याही नाक्यावर टोल कापला की मेसेज त्यांच्या फोनवर यायचा. त्यांची लेक निकिता झुंजूमुंजू असताना शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढली होती. त्या रस्त्याचा सगळा टोल एकदाच, खाली उतरताना कापतात. म्हणून सकाळपासून फोन मुका होता आणि घरात दोघंही मुकेच होते.

रंगरावांनी उभा जन्म जीप चालवली. शेलूबाजार ते मंगरुळपीर, शेलूबाजार ते कारंजा. कोणत्या वळणावर कोणाची म्हातारी हात करते तेही त्यांना पाठ. मग डोळ्यांत काचबिंदू आला. आधी रात्रीचं दिसेना, मग कडेचं दिसेना, आणि आता समोरच्या माणसाचं तोंड तेवढं धुरकट कळत होतं. गाडी विकायची असं ठरलं, गिऱ्हाईकही येऊन बघून गेलं. तेव्हा कॉलेज संपवून घरी बसलेली निकिता म्हणाली, "विकू नोका बाबा. मी चालवतो."

सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या वावरात त्यांनी तिला शिकवलं. दिसत नव्हतं, पण गिअर कुठे ओरडतो ते कानाला कळत होतं. स्टँडवरचे लोक हसले. पण पुढे बायका दुसऱ्या जीपमध्ये जागा असली तरी निकिताच्या जीपची वाट पाहू लागल्या, आणि हसणं आपोआप थांबलं.

आणि मागच्या आठवड्यात किन्हीराजाकडचा हेमसिंग आला. त्याच्या बायकोच्या, मोतीबाईच्या, हृदयाची झडप बदलायची होती. मुंबईच्या दवाखान्यात महिनोन्‌महिने थांबून तारीख मिळाली होती. त्या दिवशी चारच्या आत भरती झालं नाही तर खाट दुसऱ्याला जाणार होती. मोतीबाईला बसमध्ये बसवत नव्हतं, पाय पसरून न्यावं लागत होतं.

"रंगरावभाऊ, पोरीलेच पाठवा," हेमसिंग म्हणाला होता. "तिच्या गाडीत मोतीचा जीव घाबरत नाई."

मनकर्णाबाईंना ते पटलं नव्हतं. "मुंबईले? तिनं अकोल्याच्या पुढचं गाव पाह्यलं नाई." पण रंगराव हो म्हणून बसले. हो म्हटलं तेव्हा छाती फुगली होती. आज सकाळपासून ती जड झाली होती.

आमण्याचा मेसेज आल्यावर त्यांनी हिशेब मांडला. आमण्यापासून मुंबईची वेस फार लांब नाही. तिथे नाका आहे. तरुणपणी ते एकदाच मुंबईला गेले होते, गावातल्या एका जळालेल्या माणसाला घेऊन. त्या नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती, मागचे भोंगे वाजवत होते आणि खिडकीतला माणूस सुटे नाहीत म्हणून ओरडत होता. मागच्या सीटवर पेशंट कण्हत होता. ती वेस त्यांच्या मनातून कधी गेली नाही. आता तिथे निकिता पोचणार आणि दुसरा मेसेज येणार.

तो आला नाही.

ऊन अंगणातून ओट्यावर चढलं. मनकर्णाबाईंनी जेवायला विचारलं. "होऊ दे तो नाका पार," रंगराव म्हणाले. मनकर्णाबाईंनी मग परत विचारलं नाही, स्वतःही जेवल्या नाहीत.

"फोन लावून पाहू का तिले?"

"नाई. गाडी चालवताना फोन उचलाचा नाई, मीच सांगतलं हाय. मीच कसा लावू?"

"मंग हेमसिंगले लावा."

हेमसिंगचा फोन बंद होता. चार्जिंग संपलं असेल, असं दोघांनीही एकमेकांना सांगितलं.

शेवटी रंगरावांनी काठी घेतली. मनकर्णाबाईंनी दाराला कडी घातली आणि त्यांच्या दंडाला धरून चौकात, पवनच्या मोबाइलच्या दुकानात नेलं. फास्टॅगमध्ये पैसे पवनच टाकून द्यायचा.

"पवन, पाह्य बरं, स्टिकर बंद तं नाई पडलं?"

पवनने काउंटरवर वाकून फोनवर बघितलं. "चालू हाय काका. पैसेबी भरपूर हाय. आमण्याले कापले, त्याच्यापुढं काईच नाई."

"काहून नाई?"

"आता ते मले कसं माईत?"

दुकानाच्या पायरीवर जानराव बसले होते. रंगरावांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं स्टँडवर गाडी लावली होती. दोघांचं गिऱ्हाइकांवरून भांडणही वर्षानुवर्षांचं होतं.

"नाका चुकून भलत्याच रस्त्यानं गेली असन," जानराव म्हणाले. "मुंबईत रस्ता चुकला का सांज होते. मंग पोलीस गाडी बाजूले घेऊन कागद मांगते. मी तं पयलेच म्हणलं होतं, पोरीच्या जातीले..."

"जानरावभाऊ, उगाच बोलू नोका," मनकर्णाबाई म्हणाल्या.

रंगरावांच्या डोळ्यांपुढे रांग उभी होती, आणि रांगेत बोनेट उघडून त्यांची जीप. मोतीबाई मागे आडवी. पोरगी खिडकीशी उभी राहून कोणाला तरी समजावते आहे आणि कोणी ऐकून घेत नाही. आपलं नाव राहावं म्हणून आपण तिला पाठवली, हा विचार त्यांना इतका वेळ दूर ठेवता आला होता, तो आता येऊन समोर बसला. खाट गेली तर हेमसिंगला काय तोंड दाखवायचं? आणि पोरीचं काही बरंवाईट झालं तर बाजूला उभ्या असलेल्या या बाईला?

तेवढ्यात फोन वाजला. रंगरावांनी तो आवाजाच्या अंदाजाने पवनच्या पुढे धरला.

पवनने वाचलं. परत वाचलं. "काका, पैसे कापले. पण हा वेशीवरचा नाका नोय."

"मंग?"

"वांद्रे-वरळी सी लिंक. समुद्रावरचा पूल हाय तो. फोटोत दिसते पाहा, दोऱ्या ताणल्यावानी."

"समुद्रावर?" मनकर्णाबाईंनी रंगरावांचा दंड घट्ट धरला. "तिकडं कायले गेली?"

"गाडी चालू हाय नं," रंगराव हळूच म्हणाले. "पूल चढली म्हंजे गाडी चालू हाय." आणि पायरीवर, जानरावांच्या शेजारी, मटकन बसले.

जानरावांनी सरकून जागा दिली. पवनने चहा सांगितला. चहा संपायच्या आत निकिताचा फोन आला. पवनने स्पीकर लावून दिला.

"बाबा, पोचलो. मावशीले आत घेतलं. खाट भेटली."

मनकर्णाबाईंनी पटकन फोनजवळ तोंड नेलं. "जेवली का व तू?"

"हाव, खाल्लं. बाबा हाय का तिथी?"

"हाओ, बोल," रंगराव म्हणाले. "वेशीवरच्या नाक्यावर काय झालं? मेसेज नाई आला."

निकिता हसली. "बाबा, तिथी लहान गाड्यायचा टोल बंद झाला. मले कुठी माईत? मी तं गाडी थांबवूनच टाकली. काच खाली केली, मागून हे भोंगे. तिथला माणूस म्हणे, ताई जा, लहान गाडीला टोल नाही. मी म्हणलं, नक्की ना? मागून दंड तं नाई लावान? तो हात जोडून म्हणे, ताई, जा आता."

पवन तोंड फिरवून हसायला लागला. जानरावही हसले.

"मंग तो पूल?"

"एक वळण सुटलं नं माझ्या हातून. पुढं एका टॅक्सीवाल्याले इचारलं. तो म्हणे, आता परत फिरू नको, अडकशील. पुलावरून जा, टोल लागल, पण वेळेत पोचशील. मंग गेलो. बाबा, दोनी बाजूनं पाणी होतं. मोतीमावशी सकाळपासून डोये मिटून होती. तिथी तिनं उघडले. हेमसिंगकाका म्हणत, पाह्य मोती, पाह्य. मले पाहाले जमलं नाई, मी रस्त्याकडंच पाहत होतो."

"बरोबर केलं," रंगराव म्हणाले. "ड्रायव्हरनं रस्त्याकडंच पाहाचं."

"उद्या निघतो. हेमसिंगकाकाचा भाऊ येऊन राह्यला इथं थांबाले. बाबा, येताना त्याच पुलावरून येऊ का वेशीकडून सरळ?"

रंगरावांनी तोंड उघडलं. आजवर प्रत्येक रस्ता त्यांनीच तिला सांगितला होता. कुठल्या पुलावर पाणी चढतं, कुठल्या गावात गुरं रस्त्यावर बसतात. त्यांनी मुंबईची ती वेस आठवून पाहिली. रांग, खिडकी, ओरडणारा माणूस. त्यातलं आता तिथे काहीच राहिलं नव्हतं.

"तुले जसं बरं वाटन तसं ये," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर जानरावांनी चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला. पवन नको म्हणाला, त्यांनी तरी दिले. मग रंगरावांकडे न बघता म्हणाले, "समुद्र पाह्यला नाई गड्या आपुन कधी."

"नाई पाह्यला," रंगराव म्हणाले.

घरी परतेपर्यंत ऊन उतरलं होतं. मनकर्णाबाईंनी चूल पेटवली, गरम भाकरी टाकली, ताटात भाजी वाढली आणि ताट नवऱ्याच्या हाताला लागेल असं ठेवलं.

"कोन्त्या रस्त्यानं ये म्हणलं तिले?"

"तिले माईत हाय आता," रंगराव म्हणाले, आणि चाचपडत भाकरीचा तुकडा मोडला.