लवकर म्हणजे कधी?

दारावर पाटी लागली आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात झाली. 'लवकर मदत केंद्र' अशी ठसठशीत अक्षरं रंगवून घेतली होती. बाईंना वाटलं, यात न कळण्यासारखं काय आहे? लहान मूल वाढताना कुठे अडखळत असेल, आईबाप मेटाकुटीला आले असतील, तर गोष्टी हाताबाहेर जाण्याआधी मदत करायची. पण गल्लीतल्या लोकांनी सरळ अर्थ घेतला, की इथे मदत लवकर मिळते.

पहिल्याच सकाळी एक गृहस्थ धापा टाकत आले. नळ तुटून त्यांच्या स्वयंपाकघराचं तळं झालं होतं. त्यांना वाटेला लावतायत तोवर एक तरुणी बोटात रुतलेली अंगठी घेऊन हजर. बाईंनी तिला साबण लावून सोडवलं. दुपारी एका आजोबांनी विचारलं, झाडावर अडकलेलं मांजर उतरवायला तुमच्याकडून कोण येतं? आत फळ्या ठोकणारा सुतार हसत हसत शिडी घेऊन गेला आणि हातावर ओरखडे घेऊन परत आला.

"बाई, काम तर जोरात चाललंय," तो म्हणाला. "तेवढी मुलंच काय ती येत नाहीत."

बाईंचं सगळं आयुष्य बालवाडीत गेलं होतं. निवृत्त होऊन घरी बसल्या, तर नगरपालिकेतल्या साहेबांनी बोलावून घेतलं. "तुम्ही नुसत्या बसलात तरी आया येतील," असं म्हणून त्यांनी समन्वय, सक्षमीकरण असं बरंच काही समजावून सांगितलं. बाईंच्या ते डोक्यावरून गेलं, पण मान मात्र त्या हलवत राहिल्या. जागा मिळाली ती बंद पडलेल्या कपड्यांच्या दुकानाची. एका भिंतीला लांबलचक आरसा, कोपऱ्यात कपडे घालून बघायच्या पडदेवाल्या खोल्या आणि मालक न्यायला विसरलेला एक बिनडोक्याचा पुतळा. बाईंनी त्याच्यावर चादर टाकली, त्याने तो जास्तच भीतीदायक दिसू लागला. शेवटी सुताराने त्याला मागच्या बोळात नेऊन उभं केलं.

मुलं येईनात, तेव्हा बाई घरोघरी फिरू लागल्या. दारात उभ्या राहून सांगायच्या, "मूल हाकेला वळून बघत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर होईल होईल म्हणत थांबू नका. एकदा आमच्याकडे या." आया माना डोलवायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

संध्याकाळी बाई घरी यायच्या. त्यांची नात, जिला सगळे ठमी म्हणायचे, जमिनीवर बसून डब्यांची झाकणं एका ओळीत लावत असायची. "ठमे, कोण आलं बघ!" ठमी बघायची नाही. "स्वारी तंद्रीत आहे," बाई हसून म्हणायच्या. मुलगा पेपरातून मान वर न करता म्हणायचा, "मीही उशिराच बोललो होतो ना, आई?" आणि बाई, "हो रे, तू तर फारच उशिरा," असं ठोकून द्यायच्या. खरं तर तो कधी बोलायला लागला, हे त्यांना मुळीच आठवत नव्हतं. सून उठून स्वयंपाकघरात जायची.

केंद्रात वाचा-उपचार करणाऱ्या एक मॅडम येऊ लागल्या. मुलांना बोलतं करायचं त्यांचं काम, पण स्वतः इतक्या कमी बोलायच्या, की सुताराने त्यांचं नाव 'बोलक्या मॅडम' ठेवून टाकलं. एके दिवशी पाळणाघर बंद होतं म्हणून बाई ठमीला सोबत घेऊन आल्या. ती सकाळभर आरशापुढे बसून हँगरचा आकडा गोल गोल फिरवत होती. बोलक्या मॅडम लांबून बघत होत्या. मध्ये एकदा तिच्या शेजारी जाऊन बसल्या, चेंडू सरकवला, वाट बघितली, परत उठल्या.

दुपारी त्या हळूच म्हणाल्या, "त्या निळ्या फ्रॉकवाल्या मुलीच्या आईला कधी भेटता येईल?"

"कुठल्या मुलीच्या?"

"आरशापुढच्या."

बाईंना क्षणभर काही कळेचना. "अहो, ती माझी नात आहे. ती मदतीसाठी नाही आलेली. ती नुसतीच आलीये."

"बरं," मॅडम म्हणाल्या.

बाईंना आधी राग आला. कालची पोर, ओळख ना पाळख, आणि माझ्या नातीत खोट काढते! मग वाटलं, खोट कुठे काढली, नुसतं आईला भेटायचं म्हणाली. मग वाटलं, म्हणजे तेच की. त्यांनी वर्गातल्या खणखणीत आवाजात हाक मारली, "ठमे!" सुतार वळला. रस्त्यावरून चाललेला एक माणूससुद्धा थबकून आत डोकावला. ठमीने आकडा आणखी एकदा फिरवला.

त्या संध्याकाळी सून स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. बाईंनी दोनदा पाण्याचा पेला भरला आणि न पिताच ओतला. "आज त्या मॅडम ठमीबद्दल काहीतरी..."

"काय म्हणाल्या?" सुनेने इतक्या चटकन विचारलं, की बाई चपापल्या.

"काही नाही. तुला भेटायचंय म्हणाल्या. मला वाटतं, उगीच..."

"तिचे कान मी तपासून आणलेत," सून म्हणाली. "मागच्या महिन्यात. कान चांगले आहेत."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुमच्या केंद्रावरही आले होते, आई. कितीदा तरी. दारापर्यंत यायचे आणि परत जायचे."

"अगं, पण मी होते ना आत!"

"तुम्ही होता म्हणूनच." सुनेने फडकं खाली ठेवलं. "घरी तुम्ही म्हणता, स्वारी तंद्रीत आहे. बाहेर लोकांना सांगता, थांबू नका. मग मी कुठल्या तुम्हाला विचारायचं?"

बाईंनी पेला पुन्हा भरायला घेतला. आयुष्यभर त्यांनी सगळ्यांना फटाफट उत्तरं दिली होती, साहेबांना, पालकांना, नवऱ्यालासुद्धा. मुलगा दारात येऊन "काय चाललंय?" म्हणाला, तेव्हा दोघी एकदमच म्हणाल्या, "काही नाही."

ठरल्या दिवशी सून ठमीला घेऊन केंद्रावर आली. बाई सवयीने त्यांच्यामागून पडदा सारून आत शिरू लागल्या, तशा बोलक्या मॅडम म्हणाल्या, "बाई, आज तुम्ही बाहेर बसाल?"

आपल्याच केंद्रातून आपल्यालाच बाहेर! बाई बाकावर येऊन टेकल्या. तो बाक त्यांनीच हौसेने दाराला लागून, अगदी समोर ठेवला होता. येणाऱ्याला आपलेपणा वाटावा म्हणून. आता त्यावर बसल्यावर त्यांना वेगळंच दिसलं. समोरून जाणारा प्रत्येक जण आत बघत होता. भाजीवाली बघत होती. अंगठीवाली तरुणी थांबून म्हणाली, "काय हो बाई, आज तुम्हीच बसलात? घरचं कुणी आहे का?" बाई नाही म्हणाल्या, मग हो म्हणाल्या, मग नुसत्याच हसल्या. कान मात्र पडद्याकडे लागले होते. आतून काही ऐकू येत नव्हतं, मध्येच सुनेच्या हुंदक्यासारखं काहीतरी आलं, की ते हसणं होतं?

त्या उठल्या आणि सुताराला म्हणाल्या, "हा बाक आत घे. पार त्या आरशाच्या पलीकडे. आणि मागचं दार उघडतं का बघ."

"मागून तर बोळ आहे. तिथे तो पुतळा उभा आहे."

"असू दे. त्याला डोळे नाहीत."

मागचं दार उघडल्यावर पुढच्या आठवड्यात पहिली माणसं आली, जुळ्या मुलांना दोन्ही काखांत घेतलेला एक बाप. त्याच्या मागून एक आई. पण त्या दिवशी हे काहीच ठाऊक नव्हतं. पडदा सरला तशा बाई पुढे झाल्या.

"काय झालंय तिला?"

"इतक्यात सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे काही नाही ना?"

"तसंही मी म्हणत नाही."

"म्हणजे आहे?"

"बाई, त्याला नाव काय द्यायचं ते सावकाश बघू. आज घरी काय करायचं ते सांगते. तिच्याजवळ जमिनीवर बसायचं. बोलायचं नाही, विचारायचं नाही, शिकवायचं नाही. वाट बघायची."

"आणि मग?"

"ती काही करेल. मग तिच्या पाठोपाठ जायचं."

बाईंना ही असली मदत कधी कुणी शिकवली नव्हती. सुट्टीच्या दुपारी सासू-सून जमिनीवर बसल्या. मध्ये ठमी आणि झाकणं. बाईंची जीभ नुसती वळवळत होती. हा गोल, हे मोठं, हे लाल, किती सांगण्यासारखं होतं! सुनेने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मुलगाही येऊन उंबऱ्यात बसला, हे काय चाललंय ते न कळून.

बऱ्याच वेळाने ठमी उठली. बाईंच्या तोंडाकडे न बघता तिने त्यांचं बोट धरलं, ओढत गच्चीच्या दारापाशी नेलं आणि त्यांचा हात कडीवर ठेवला.

बाईंनी मागे वळून विचारलं, "हिने मला बोलावलं, की नुसता माझा हात वापरला?"

"मला काय माहीत, आई," सून म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ओठ हसत होते. "आधी उघडा तर."

बाईंनी कडी काढली. ठमी उन्हात गेली, तिथे थांबली आणि एकदा वळली.

"तुझ्याकडे बघितलं," बाई कुजबुजल्या.

"नाही, तुमच्याकडे."

"दोघींच्या मधून बघत होती," मुलगा म्हणाला.

तिघंही त्यावर बराच वेळ वाद घालत राहिले आणि एकमत काही झालं नाही. सोमवारी हे मॅडमना विचारायचं, असं बाईंनी ठरवलं. केंद्राच्या बाई म्हणून नाही, ठमीची आजी म्हणून, बाकावर आपली पाळी येईल तेव्हा.