टेप लावलेली जागा

पेंटरने जीपच्या दारावरच्या टेपचं टोक नखाने उचललं आणि एका दमात ओढलं. फवारलेला कोट सुकून घट्ट व्हायच्या आत टेप निघावी लागते, नाहीतर कडा फाटतात. कड सुरेख निघाली, फूटपट्टीने आखल्यासारखी. आणि आत उरलेल्या जुन्या हिरव्या रंगाच्या चौकोनात, खिळ्याने खोल खरवडलेला शब्द दिसला.

चोर.

टेप त्याच्या हातालाच चिकटून राहिली.

जीप काल एक मुलगी ठेवून गेली होती. वडिलांची जुनी गाडी, त्यांना न सांगता नवी करून हवी होती. "रंग नको काका. ट्रकच्या हौद्यात मारतात ना, तो जाड कोट मारा, सगळ्या गाडीला." पेंटर खूश झाला होता. रंग म्हणजे चुगलखोर, अंगावरचा प्रत्येक ओरखडा उन्हात दाखवणार. हा कोट रबरासारखा जाड, खरखरीत, काळाकुट्ट. काय वाटेल ते पोटात घालतो.

ड्रायव्हरच्या दारावर तिने टेपच्या पट्ट्या एकीला एक लावून ठेवल्या होत्या. गॅरेजात टेपचा अर्थ एकच, इथे हात लावायचा नाही. काच, दिवा, कुणाचं लाडकं स्टिकर. पेंटरने विचारलंसुद्धा नाही. बिचारीने टेप लावली होती ती झाकायला. आता अख्ख्या काळ्या जीपवर तेवढा एकच शब्द उरला होता, तोही चौकटीत बसवून.

"माझी गाडी इथे आहे म्हणे?"

शटरपाशी एक वयस्कर गृहस्थ उभे होते. पेंटर दोन्ही हात पसरून दाराला पाठ लावणार, तेवढ्यात कोट ओला असल्याचं आठवलं आणि तो तसाच अधांतरी उभा राहिला.

"काका, उद्या या. अजून काम..."

"बाजूला व्हा जरा."

त्यांनी वाचलं. पेंटरला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"माझी चूक झाली हो. मला वाटलं, टेप म्हणजे..."

"मी गोदाम सांभाळायचो," ते म्हणाले. "माल गेला. नेणारा काही सापडला नाही, मी मात्र सापडलो." ते कोरडं हसले. "काल सकाळी खिडकीतून बघतो तर पोरगी दारापाशी उकिडवी बसून टेप लावतेय. मला म्हणाली, बाबा, दगड लागलाय, गंज चढेल. मी म्हटलं, बरं केलंस."

"म्हणजे तुम्ही..."

"तिला वाटतं, मी वाचलेलं नाही. तेवढ्यावरच ती हसतेय घरात." त्यांनी हात पुढे केला. "पॉलिश पेपर द्या."

पेंटरने दिला. ते शब्द घासू लागले, दात आवळून, खालचा पत्रा दिसेपर्यंत. पेंटरने मधे एकदाही हात घातला नाही. मग चौकोन पुसून त्याने कोट फवारला. खरखरीत कोटाचं एक बरं असतं, जोड दिसत नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"काका, ती दारावरची टेप काढून कोट मारायचा हं! सांगायचं राहिलंच. आणि खाली जे आहे ते... बाबांना कळायला नको. मी निघालेय."

"कोटाखाली काय आहे ते कुणाला दिसतंय, ताई?" पेंटर म्हणाला. वळून बघतो तर गृहस्थ मागच्या दाराने निघाले होते.

"मी इथे आलोच नव्हतो," ते जाता जाता म्हणाले.

मुलगी आली. दाराच्या इतकी जवळ वाकली की नाक टेकेल, आणि तिने सुटकेचा श्वास सोडला. मग बाबांना फोन केला. ते जरा वेळाने पुढच्या शटरमधून आले आणि दारातच थबकले.

"अगं, हे काय केलंस! ही आपली गाडी?" दोन्ही हात त्यांनी डोक्याला लावले. "मला तर धक्काच बसला!"

मुलगी टाळ्या वाजवत हसू लागली. पेंटरला मात्र त्यांचे हात दिसले. नखानखात हिरवी भुकटी भरली होती.

तो फडकं घेऊन मधे घुसला.

"हात पुसा आधी, काका. गाडीला लावू नका, कोट ओला आहे."