‘तू तर घरीच असतेस’

मित्रांनो, माझे अंग होडीचे आहे आणि चाके कारखान्यातली. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मुरबे गावचा देवू सुतार होड्या बांधायचा. त्याने उरलेल्या सागाच्या फळ्यांतून मला घडवले आणि बोईसरच्या भंगारवाल्याकडची ढकलगाडीची चार चाके मला बसवली. ते साल होते १९८३.

मला नलूने करवून घेतले, तिच्या वडिलांसाठी. धर्माजी तांडेलांनी तीस वर्षे होडी हाकली होती. एके सकाळी ते किनाऱ्यावरच कोसळले. उजवे अंग लुळे पडले, जीभ अडखळू लागली. आई आधीच गेलेली. थोरला भाऊ महादू बोईसरला कारखान्यात कायम नोकरीवर, बायकोमुलांसह तिथेच राहणारा. नलू तेव्हा पंचविशीची होती. पाटी डोक्यावर घेऊन पालघरच्या बाजारात मासळी विकायची. ती पाटी तिने उतरवली ती उतरवलीच.

वडिलांना उठवायचे, धुवायचे, भरवायचे, माझ्यावर बसवायचे, पुन्हा निजवायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची. सहा वर्षांत धर्माजींच्या पाठीला एकही जखम झाली नाही. हे किती अवघड असते, ते मला ठाऊक आहे. पण भेटायला येणारे माझ्यावरून हात फिरवत आणि म्हणत, काय झकास खुर्ची केली! नलूचे कौतुक कुणी केले नाही. मला लाकडाची असून लाज वाटायची.

माहीमहून एक स्थळ आले होते. वडिलांना कोण बघणार, असे त्यांनी विचारले. महादू खाली बघत बसला. स्थळ परत गेले.

महादू रविवारी यायचा, बिस्किटांचा पुडा ठेवायचा, तासभर बसायचा. एकदा नलूने त्याला सांगितले की पाठ फार दुखते, दोन महिने बाबांना घेऊन जा, नाहीतर एखादी बाई तरी ठेवून दे.

महादू म्हणाला, “मला ड्यूटी असते, नलू. तू तर घरीच असतेस.”

त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला. तो अजून गेलेला नाही.

१९८९च्या उन्हाळ्यात वडिलांना उचलताना नलूच्या पाठीत उसण भरली. मी मागे सरकले आणि दोघेही जमिनीवर पडले. शेजारच्या जमनाने येऊन उचलेपर्यंत बापलेक तशीच पडून होती. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या नर्स रत्नाबाई आल्या. त्यांनी धर्माजींना तपासले, मग नलूलाही पालथे निजवून तपासले. सहा वर्षांत तिला कुणी तपासण्याची ही पहिलीच वेळ.

महादूचे सारे ऐकल्यावर रत्नाबाई म्हणाल्या, “आईबापांना स्वतःचं भागवता येत नसेल, तर कमावत्या मुलाने त्यांचा खर्च उचललाच पाहिजे, असा कायदा आहे. पालघरच्या कोर्टात अर्ज करता येतो. गरिबाला वकीलही फुकट मिळतो.”

“कवापासून हाय ह्यो कायदा?”

“झाली पंधरा वर्षं.”

नलू उठून बसली. मग म्हणाली, “मंग मला कुणी सांगितला का नाय?”

 मित्रांनो, याचे उत्तर तुम्हाला देता येते का?

टेम्पोत घालून मला आणि धर्माजींना पालघरला नेले. कोर्टाबाहेर झाडाखाली अर्ज टाइप करणारा बसला होता. त्याने वडिलांच्या वतीने अर्ज करणारी म्हणून नलूचे नाव, वय लिहिले आणि धंदा विचारला. ती उत्तर देण्याआधीच तो ‘काही नाही’ असे टाइप करू लागला. नलूने त्याच्या यंत्रावर हात ठेवला.

“बापाला सांभालते, असा लिवा. दिसरात सांभालते.”

त्याने कागद बदलला.

पुढे सुनावणीच्या दिवशी महादूचा वकील म्हणाला, मुलगी उत्तम सांभाळते आहे, मग तक्रार कसली? न्यायाधीशांनी धर्माजींकडे पाहिले. म्हाताऱ्याने डाव्या हाताने माझा हात घट्ट धरला. ओठ बराच वेळ हलत राहिले.

“ती... थकली.”

एवढेच बोलले. दरमहा खर्च देण्याचा हुकूम महादूवर झाला. तो रागावला आणि वर्षभर फिरकला नाही. पण त्या खर्चातून बेटेगावची पारू सकाळच्या कामाला आली आणि नलू आठवड्यातून तीन दिवस पुन्हा बाजारात बसू लागली. पाठ मात्र सरळ झाली नाही ती नाहीच.

धर्माजी १९९४ साली गेले. आता मी जाळ्यांच्या पडवीत पडून आहे. माझी दोन चाके निखळली, त्याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते नलूच्या सहा वर्षांचे. कायद्याने बापाचा खर्च पाहिला. तिची गेलेली वर्षे कुठल्या कागदावर येणार?

कधीमधी उमरोळीकडून, कधी मुरब्यातूनच कुणी बाई येते. घरी आजारी सासू असते, अपंग मूल असते. नलू तिला ओट्यावर बसवते, आधी चहा देते, मग कोर्टाची वाट सांगते. लागलेच तर सोबत जाते.

मित्रांनो, तुमच्या शेजारी कुणी असे राबत असेल तर रुग्णाची विचारपूस झाल्यावर तिचीही करा. तिला चार तास झोपू द्या. तिचा हक्क तुम्हाला माहीत असेल तर तो तिला सांगा. आजच सांगा. तिची पाठ मोडेपर्यंत थांबू नका.